खुर्चीची बाजू बदलताना

"ताई, मी वॉशिंग्टनमध्ये ट्रेझरी, म्हणजे अमेरिकेच्या अर्थ खात्याच्या करधोरण कार्यालयात वकील आहे. आठ वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं एका लॉ फर्ममध्ये कंपन्यांच्या कराचं काम केलं. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला की त्याखालचे नियम लिहायचे, आलेल्या हरकती वाचायच्या, त्यांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. गेल्या महिन्यात के स्ट्रीटवरच्या एका लॉबिंग फर्मने, म्हणजे पैसे घेऊन अशिलांची बाजू खासदारांपुढे आणि सरकारपुढे मांडणाऱ्या कंपनीने, बोलावलं. पगार आताच्या अडीचपट. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजात जाईल, आणि खरं सांगायचं तर मी थकलेय. अडचणी दोन आहेत. मी सध्या ज्या नियमावर काम करतेय, त्यात या फर्मच्या एका मोठ्या अशिलाचा जीव अडकलाय. मुलाखतीत त्याबद्दल सहज विचारणाही झाली. दुसरी अडचण वडील. फोनवर म्हणाले, 'एवढं शिकून शेवटी दलालीच करायची?' तेव्हापासून झोप नाही. जाऊ का? आणि गेले तर कधी परत येता येईल का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'सहज' या शब्दापाशी थांबले.

अजून प्रसिद्ध न झालेल्या नियमाबद्दल, तो लिहिणाऱ्या माणसाला, नोकरीच्या मुलाखतीत कुणी सहज विचारत नाही. त्यामुळे बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी एक काम करा. उद्या सकाळी तुमच्या खात्याच्या एथिक्स अधिकाऱ्याला गाठा. तुम्ही मुलाखतीला गेलात म्हणजे नोकरीची बोलणी सुरू झाली. बोलणी सुरू असताना त्या मालकाच्या आर्थिक हिताशी संबंध असलेल्या सरकारी कामात हात घालायचा नाही, असं फौजदारी कायद्याचं कलम 208 सांगतं. अशिलाचं हित म्हणजे फर्मचंच हित धरायचं का, हा वकिली काथ्याकूट तुम्हाला सुंदर करता येईल याबद्दल मला शंका नाही. तो तुम्ही करू नका. स्वतःच्या बाबतीत तो दुसऱ्याने करायचा असतो, आणि त्यासाठीच तो अधिकारी बसवलेला आहे. सार्वजनिक आर्थिक विवरण भरावं लागणाऱ्यांपैकी तुमचं पद असेल, तर 2012 च्या स्टॉक ॲक्टप्रमाणे बोलणी सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत लेखी कळवायला हवं होतं. मुदत गेली असेल तरी उद्याच कळवा. मुलाखतीत काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत, तारीख, वेळ, सगळं आठवतं तसं आजच कागदावर उतरवून ठेवा. करदात्यांची गोपनीय माहिती त्या बोलण्यात आली नाही असं मी धरून चालते. करकायद्याच्या कलम 6103 चं गोपनीयतेचं बंधन राजीनामा दिल्यावरही सुटत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता वडिलांकडे येते.

त्यांच्यावर रागावू नका. भारतात लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदाच नाही. जे काम पडद्याआड चालतं, त्याला लोक पडद्याआडचंच नाव देणार. त्यांनी आयुष्यभर सरकारदरबारी वशिला पाहिलाय, मधली माणसं पाहिलीत, आणि त्या माणसांकडे कुठल्या कायद्याचं ज्ञान होतं म्हणून कुणी जात नव्हतं. अमेरिकेत सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे. 1995 पासून लॉबिस्टला नाव नोंदवावं लागतं, आणि जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने 2006 मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केल्यानंतर 2007 मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. दर तिमाहीला कोणासाठी, कोणत्या विधेयकावर, साधारण किती पैशांत काम केलं हे जाहीर करावं लागतं. मात्र नोंद झाली म्हणून काम आपोआप स्वच्छ होत नाही. वडिलांचा शब्द कठोर असला तरी त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. तुम्ही विकणार काय आहात? तुम्हाला येणारा कायदा, की तुमच्या ओळखी?

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तीच खोली, तेच स्टाफर (खासदारांचे मदतनीस), तोच पंधरा मिनिटांचा वेळ. म्हणून दोन जुन्या गोष्टी सांगते. तुम्हाला त्या पाठ असतील, पण आता दुसऱ्या बाजूने पाहा.

डिसेंबर 2017 मध्ये करकायदा घाईघाईत मंजूर झाला. दुकानं, हॉटेलं आपल्या इमारतींच्या आतल्या भागात सुधारणा करतात, तो खर्च 15 वर्षांत वजा करता यावा असा काँग्रेसचा हेतू होता. मसुद्यात एक उल्लेख राहून गेला आणि मुदत 39 वर्षं होऊन बसली. हेतू काय होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण कायद्याचे शब्दच चुकले होते, त्यामुळे ट्रेझरीला नियमातून ते दुरुस्त करता येईना. दुरुस्ती व्हायला मार्च 2020 चा केअर्स ॲक्ट उजाडावा लागला. मधली दोन वर्षं कुणीतरी एकेका खासदाराच्या कार्यालयात जाऊन तीच चूक तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा समजावत होतं. त्यांना त्याचे पैसे मिळत होते, अशिलांचा फायदा होता, आणि तरीही ते काम करण्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट 1986 ची. त्या वर्षीची करसुधारणा मोठी होती: वरचा दर 50 टक्क्यांवरून 28 वर आला, पळवाटा बंद झाल्या, आणि त्याबद्दल ती अजून नावाजली जाते. त्याच कायद्यात शेकडो खास सवलती घुसवल्या गेल्या. नाव न घेता, अमुक तारखेला अमुक राज्यात स्थापन झालेली कंपनी, असं वर्णन करायचं, आणि ते नेमकं एकाच कंपनीला लागू पडायचं. फिलाडेल्फिया इन्क्वायररच्या डोनाल्ड बार्लेट आणि जेम्स स्टील या दोन वार्ताहरांनी पंधरा महिने खपून त्यातले लाभार्थी हुडकून काढले, त्याबद्दल त्यांना 1989 चं पुलित्झर मिळालं. मला नेहमी वाटतं, त्या ओळी लिहिणारे लोक कोण होते? करकायदा उत्तम येणारीच माणसं होती. ज्याला कायदा येत नाही त्याला तसली ओळ लिहिताच येत नाही.

या दोन गोष्टींमध्ये तुम्हाला रोज उभं राहावं लागेल. काँग्रेसमधल्या माझ्या चार वर्षांत आणि त्यानंतर लॉबिंगमध्ये घालवलेल्या अकरा वर्षांत मी अनेकदा चुकीच्या बाजूला कलले. त्यातला एक प्रसंग सांगते. एका अशिलासाठी कराच्या सवलतीची मुदत वाढवून हवी होती. मी एका पानाचं टिपण केलं, त्यात लहान उद्योगांची उदाहरणं घातली. ती सगळी खरी होती. फक्त सवलतीचा मोठा वाटा काही थोड्या बड्या कंपन्यांना जाणार, हे मी लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं. समितीतला तो तरुण मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, कराबरोबर व्यापार आणि पेन्शन हेही विषय त्याच्याच गळ्यात. त्याने माझं टिपण जवळजवळ तसंच आपल्या वरिष्ठांपुढे ठेवलं, आणि जॉइंट कमिटी ऑन टॅक्सेशन, म्हणजे करविधेयकांचा खर्च मोजणाऱ्या काँग्रेसच्या समितीच्या माणसाने सगळ्यांसमोर त्याला तो आकडा विचारला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला त्याने एक शब्दही सुनावला नाही. पुढचे सात महिने माझ्या एकाही मेलला उत्तर मात्र आलं नाही. त्या मुलाला मी उघड्यावर पाडलं होतं, ही गोष्ट मला अजून सलते. त्यानंतर मी प्रत्येक टिपणाच्या शेवटी दोन ओळी लिहायला लागले: याने तिजोरीवर किती भार पडेल, आणि याला विरोध कोण करेल व का. दोन अशिलांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यातला एक मला सोडून गेला.

तुम्ही आज जिथे बसता, त्याच कार्यालयाचे प्रमुख 1961 ते 1969 स्टॅन्ली सरी होते. त्यांनी 1957 मध्येच, हार्वर्डमध्ये शिकवत असताना, करसवलती कशा मंजूर होतात यावर लिहून ठेवलंय. इतर विषयांत एका गटाविरुद्ध दुसरा गट उभा राहतो, मालकांविरुद्ध कामगार उभे राहतात. एखादी बारीक करसवलत मागणाऱ्यासमोर मात्र कुणी उभं नसतं. तिचा भार सगळ्या करदात्यांवर इतका थोडा थोडा पसरतो की कुणालाच तो जाणवत नाही. समोर असते ती फक्त ट्रेझरी. म्हणजे आठ वर्षं तुम्ही. तुम्ही उठलात की त्या खुर्चीत दुसरं कुणी येईल, बहुधा तुमच्यापेक्षा कमी अनुभवी, आणि तुम्ही समोरच्या बाजूला बसाल, त्या खुर्चीतून काय दिसत नाही याची पुरेपूर माहिती असलेल्या. फर्म अडीचपट पगार याचसाठी देतेय. तुम्ही हुशार आहात हेही आहेच, पण हुशार वकील या शहरात पैशाला पासरी आहेत.

यात कायदा तुम्हाला फारसं अडवणार नाही, ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. सरकारी नोकरीनंतरच्या बंधनांचं कलम 207 आहे. ठरावीक पक्षकारांचं प्रकरण, म्हणजे एखाद्या कंपनीचं खासगी रूलिंग (तिच्यापुरतं दिलेलं सरकारी लेखी मत) किंवा खटला तुम्ही स्वतः हाताळला असेल, तर त्यात तुम्हाला जन्मभर दुसऱ्या बाजूने बोलता येत नाही. पण सर्वांना लागू होणारा नियम हे तसलं प्रकरण धरलं जात नाही. ठरावीक पगाराच्या वरच्या वरिष्ठांना आपल्या खात्याशी संपर्क साधायला एक वर्षाची बंदी आहे. तुमचं पद त्यात बसतं का ते विचारून घ्या. बसत नसेल, तर राजीनाम्यानंतर काही दिवसांतच, तुम्हीच लिहिलेल्या नियमावर, तुमच्याच जुन्या सहकाऱ्यांपुढे बोलायला कायद्याची आडकाठी राहणार नाही. वकिलांच्या आचारसंहितेत गोपनीयतेची आणखी बंधनं आहेत, तीही पाहा. तरीसुद्धा मोकळी जागा फार मोठी उरते, आणि ती तुम्हालाच बंद करावी लागेल. या नियमाला दोन वर्षं मी हात लावणार नाही, ना संपर्क, ना आतून सल्ला, ही अट नेमणूकपत्रात लेखी घाला. तोंडी नको. तोंडी अट पहिल्या अडचणीच्या वेळी विसरली जाते, आणि विसरणारी माणसं वाईटच असतात असंही नाही.

ही अट घातल्यावर या फर्मला तुम्ही हव्या असाल का? मला वाटत नाही. आणि ज्या फर्मने मुलाखतीतच तो प्रश्न विचारला, तिथे तुम्ही जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा ठिकाणी पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडून अपेक्षा काय राहील, ते त्यांनी आधीच सांगून टाकलंय.

पण लॉबिंगला जाऊच नका, असं मी म्हणत नाही. तुम्ही जावं असं मला वाटतं, फक्त दुसऱ्या दारातून. घाईही नाही. काँग्रेस करकायदे साध्या बहुमताने पार करण्यासाठी रिकन्सिलिएशन या अर्थसंकल्पाच्या खास प्रक्रियेची वाट धरते, त्यात हिशोबाच्या दहा वर्षांच्या खिडकीपलीकडे तूट वाढवता येत नाही, म्हणून तरतुदींना मुदती लावल्या जातात. 2017 च्या वैयक्तिक कराच्या तरतुदी 2025 अखेर संपणार होत्या त्या यामुळेच. 4 जुलै 2025 च्या कायद्याने त्यातल्या बऱ्याच कायम केल्या, आणि टिप, ओव्हरटाइम यांसारख्या नव्या वजावटींना 2028 ची मुदत घातली. शिवाय 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉनचा निकाल (कायदा संदिग्ध असेल तिथे सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानावा, असं सांगणारा) मोडीत काढल्यापासून नियमांना कोर्टात आव्हान देणं सोपं झालंय, आणि कायद्याच्या मूळ शब्दांची किंमत वाढलीय. कायदा लिहिता येणाऱ्या माणसाची गरज पुढच्या वर्षीही राहील, त्याच्या पुढच्या वर्षीही. तुम्ही हातातला नियम पुरा करा किंवा रीतसर दुसऱ्याच्या हाती द्या, मग बाहेर पडा.

दुसरीकडे बोलणी कराल तेव्हा पगाराआधी काही गोष्टी विचारा. निवडणूक निधीच्या न्याहारीला वर्षातून किती वेळा हजर राहावं लागतं, आणि स्वतःच्या खिशातून किती देणं अपेक्षित आहे? हे कुणी आपण होऊन सांगत नाही. ते पैसे फर्मला परत देता येत नाहीत, तसं करणं गुन्हा आहे. तुम्ही दिलेली देणगी वर्षातून दोनदा तुमच्या नावावर जाहीर होते. अडीचपट पगाराचा हिशोब करताना ही रक्कम वजा धरा.

वेळेच्या नोंदी कशा ठेवतात तेही विचारा. 1993 पासून कायद्यावर प्रभाव टाकण्याचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येत नाही. त्यामुळे कधीतरी अशिलाकडून अलगद सुचवलं जातं की हे तास 'कायदेशीर सल्ला' म्हणून लिहा. एका तिमाहीत एका अशिलाच्या कामातला लॉबिंगचा वाटा 20 टक्क्यांच्या आत राहिला तर नोंदणीच करावी लागत नाही, आणि या शहरात 'धोरण सल्लागार' म्हणवणारे बरेच लोक ती रेघ सांभाळून असतात. तुम्ही नाव नोंदवा. रेघेच्या अलीकडे असलात तरी नोंदवा. आणि वकील म्हणून अशिलाशी झालेलं बोलणं सुरक्षित राहतं ही सवय मोडा. निव्वळ लॉबिंगच्या बोलण्याला कोर्टात ते संरक्षण सहसा मिळत नाही. ईमेल लिहिताना ध्यानात ठेवा.

परत येता येईल का? हो, पण तारीख तुमच्या हातात नसेल. 2009 मध्ये ओबामांच्या आदेशाने नोंदणीकृत लॉबिस्टला, ज्या खात्याकडे त्याने दोन वर्षांत लॉबिंग केलं होतं तिथे नेमणूक मिळणं बंद झालं. ट्रम्प यांनी 2017 मध्ये नेमणूक होणाऱ्यांनी घ्यायची स्वतःची वेगळी शपथ आणली आणि जानेवारी 2021 मध्ये पद सोडताना ती स्वतःच रद्द केली. मग बायडेन यांनी आपली आणली. राष्ट्राध्यक्ष बदलला की दार कधी उघडतं, कधी लागतं. या नियमांमुळेच काही जण नोंदणी टाळतात, उद्या परतता यावं म्हणून. मला ते पटत नाही. ज्या कामाची नोंद करायला आज नको वाटतं, ते काम केलेलं माणूस उद्या ट्रेझरीत कशाला हवं?

थकव्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, म्हणून थोडं विचारते. कशाने थकलात? काम न संपण्याने, की कामाला अर्थ राहिला नाही असं वाटण्याने? पहिलं असेल तर लॉबिंगमध्ये सुटका नाही. विधेयकाचा मजकूर रात्री अकराला येतो, सकाळी सातला अशिलाला त्यातली तुमची चार वाक्यं शोधून हवी असतात, आणि कित्येकदा वर्षभराच्या मेहनतीनंतर ती चार वाक्यं त्यात नसतात. मुलीची घरातली शेवटची दोन वर्षं त्यात घालवायची का, हा प्रश्न तिच्या फीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. त्यावर तिच्याशी बोललात का?

वडिलांना आज काही पटवायला जाऊ नका, फोनवर तर नाहीच. तुम्ही गेलात, नाव नोंदवलंत, की पहिली तिमाही संपल्यावर वीस दिवसांत तुमचा अहवाल दाखल होईल. तो इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो: तुमचं नाव, अशिलाचं नाव, विधेयकाचा क्रमांक, पैसे. तो छापून त्यांना पाठवा आणि त्यातली प्रत्येक ओळ त्यांना समजेल अशा मराठीत सांगून बघा. एखाद्या ओळीपाशी तुमची जीभ अडखळली, तर ते अशील पुढच्या तिमाहीत घेऊ नका.